वाल्ववरचं सूत

रुख्माबाईच्या तेरवीचं जेवण आटोपलं, मांडव सुटला, भांडी मोजून परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात आवाज म्हणावा असा एकच उरला. गिझरचा.

तो एकदा ऐकलेला माणूस विसरत नसे. आधी घशात कफ अडकल्यासारखी घुरघुर, मग टाकीत कोणी गोट्या हलवतंय असा खडखडाट, आणि शेवटी एक लांब उसासा. हल्ली तो उसासा तेवढा यायचा थांबला होता. समोरच्या यमुताई शपथेवर सांगत, की गिझर लागला की त्यांची मांजर पाठ फुगवून बडकस चौकापर्यंत पळत जाते आणि बटण बंद झालं की आपली आपण परत येते. आता मांजरीला बटणाचं कसं कळतं, हे यमुताईंना विचारायचं नाही. पण गिझरचं काहीतरी बिघडलंय हे त्या मांजरीला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, एवढं खरं. घरातल्या माणसांना तेवढी सवड नव्हती.

महाल भागातल्या बोळातलं हे घर रुख्माबाईच्या नवऱ्यानं, गुलाबचंदांनी, हातमागाच्या कमाईवर उभं केलं होतं. माग थांबला तेव्हा त्यांनी मागाचा खड्डा बुजवून तिथेच न्हाणीघर केलं. ज्या खड्ड्यात पाय सोडून जन्मभर लुगडी विणली, तिथे आता फरशी, फरशीवर नळ आणि नळाच्या वर भिंतीला हा पांढरा गिझर. रुख्माबाई हसायची. म्हणायची, "तुमचे पाय काही या खड्ड्यातून निघत नाईत."

त्या सकाळी पाहुणे पांगून घरची माणसं तेवढी राहिली होती. गुलाबचंद. त्यांचा मुलगा संजीव, जो कळमेश्वरच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचा, आणि त्याची बायको प्रीती. उमरेडला दिलेली मुलगी हर्षा. आणि रुख्माबाईचा धाकटा भाऊ भैयाजी, कुहीचा, ज्याच्या बोलण्यातून निम्मं वजा केलं तरी बरंच उरायचं. आंघोळी झाल्या की समोरच्या खोलीत बसून एकच गोष्ट ठरवायची होती. गुलाबचंदांनी यापुढे राहायचं कुठे?

त्यांना इथेच राहायचं होतं. एकट्यानं. आदल्या दिवशी पंगती उठत असताना त्यांनी हर्षाला खांबाआड बोलावून सांगितलं होतं, "माह्यासाठी तू बोलजो वं. माह्यानं बोलल्या जात नाई."

*

प्रीतीनं बादली नळाखाली सरकवली आणि पाणी आलं ते विटकरी. तिनं थोडं वाहू दिलं. रंग उतरला, पण बादलीच्या तळाशी गंज आणि पांढरी चुरी बसली. दुसरं म्हणजे, या नळाला नेहमी कोमट येणारं पाणी आज वाफाळत होतं. तिनं तोटीला बोट लावलं आणि झटक्यानं काढून घेतलं.

संजीवला हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

तिचं घर तिसऱ्या माळ्यावर, दोन खोल्यांचं. मुलगी बारावीला, तिचा अभ्यास स्वयंपाकघरात चालायचा. बाबा आले तर ते झोपणार कुठे, हा विचार तिनं सासूच्या तिरडीपाशी उभं राहून केला होता आणि त्याची लाज तिला अजून पुरत होती. बाबांना आपल्याकडे न्यायला संजीवला घर धोक्याचं आहे म्हणायची एक सबब हवी होती. ती आपण का पुरवावी? तिनं बादली मोरीत उपडी केली, गंज पायानं ढकलला आणि गार पाण्यानं आंघोळ करून बाहेर आली. बटण तसंच चालू राहिलं.

*

"बाबा, थंडीचे दिवस आहेत," संजीवनं सुरुवात केली. "एकटे पडले झडले तं कोन पाहीन?"

"समोर यमुताई आहे. हाक मारली की येते."

"यमुताईले ऐकू येते का?"

"मांजर तं येते ना," भैयाजी म्हणाला.

हर्षा पुढे सरकली. "दादा, मी येत जाईन. उमरेडहून गाडीत बसली की आली. तुया तिसऱ्या माळ्यावर बाबाले कोंडून का करशील? तिथं ना गल्ली, ना ओळखीचं मानूस. खाली उतराले तुही वाट पाहा लागन त्याईले."

"मी कोंडून ठेवीन? मी?"

"ताई बरोबर म्हणतात," प्रीती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. या नणंद-भावजयींचं वरणातल्या मिठावर कधी एकमत झालं नव्हतं. संजीव तर बायकोकडे असा पाहत राहिला, की जणू तिनं दुसऱ्याच कोणाचं कुंकू लावलंय.

"मीबी इथंच राहतो दोन-चार हप्ते," भैयाजीनं आपलं वजन टाकलं. "धान निघालं आहे. मले कोन वाट पाहते तिथं? म्हातारा अन् मी, मजेत राहू."

तेवढ्यात आतून घुरघुर आली, मग खडखडाट. खिडकीतून यमुताईंची मांजर जाताना दिसली.

"हे का होय?" संजीव म्हणाला.

"गिझर होय. असाच बोलते थो," गुलाबचंद म्हणाले.

"कवापासून?"

"होत असन दिवाळीपासून."

संजीवचा कारखान्यातला आवाज निघाला. "घुरघुरते म्हंजे तळाले क्षार बसला. आपल्या बोअरचं पानी जड आहे. थो साफ करता येते. पानी लवकर तापत नसन तं कॉइल गेली, नाई तं थर्मोस्टॅट. थेबी बदलता येते. पन पानी लाल येऊन राहिलं असन, तं टाकीच आतून सडली. तिले मंग दुरुस्ती नाई, उतरवाच लागते. कोनाले लाल पानी दिसलं का?"

प्रीती बांगड्या मागेपुढे करत राहिली.

"काई झालं नाई त्याले," गुलाबचंद म्हणाले. "उलटा सुधरला. पहिले टपकत राहे, आता टपकतबी नाई."

"टपकत नाई?" संजीवची मान वर झाली.

तो पुढे काय विचारणार होता ते राहून गेलं, कारण भैयाजीला आठवलं होतं. "कुहीले एका पाटलाच्या इथं गिझर फुटला. ऐक गा, खोटं वाटन तुले. पाटील आंगोळ करून राहिला होता. जो उडाला, थो बादलीसकट तिसऱ्या गावच्या धानात. अंगाले साबन, डोये बंद. तिथल्या बायाईले वाटलं, देवच उतरला पांढरा. त्याईनं आधी हळद-कुंकू लावलं, मंग इचारलं, कोन गावचे जी?"

हर्षाला हसू फुटलं. आई गेल्यापासूनचं पहिलं. प्रीतीही तोंडाला पदर लावून हसली. हसणाऱ्या घरात माणूस कठोर बोलू शकत नाही, संजीवही शेवटी त्याच आईचा मुलगा. त्यानं मांडीवर हात मारला.

"ठीक आहे बाबा. राहा इथंच. पन आज मी नवा गिझर आनून लावतो. अन् हर्षे, तू बोलली तशी येत जाजो."

गुलाबचंदांच्या डोळ्यांत एकदम इतकं पाणी आलं की त्यांनी चहा मागितला. बशी तोंडाशी नेताना अर्धा चहा लेंग्यावर सांडला. ते कोणी पाहिलं नाही. घरातला पेच सुटला होता आणि सगळे एकदम मोकळ्यानं बोलू लागले होते.

"थांबा, माही आंगोळ राहिलीच आहे, उतरवायच्या आधी शेवटची मी करतो," म्हणत भैयाजी टॉवेल घेऊन उठला. "बयनीच्या घरचा गिझर आहे, निरोप घ्या लागते."

प्रीतीनं कप खाली ठेवला. "मामाजी, पाणी जरा..." ती म्हणाली. पण भैयाजी गाणं म्हणत आत गेला होता.

*

ती किंकाळी होती की शिट्टी, हे कळायला क्षण गेला. दोन्ही होतं. भैयाजीनं तोटी सोडली आणि पाण्याऐवजी वाफच फसफसत सुटली, मग उकळतं पाणी त्याच्या पावलांवर. तो दारावर आपटला, बाहेर पडला, अंगणात लोळला. हर्षानं माठातलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं. पावलांची कातडी बघता बघता फुगून आली. पृथ्वीवरच्या प्रत्येक गोष्टीत तिखटमीठ घालणारा तो माणूस आता फक्त "बापा रे, बापा रे" एवढंच म्हणत होता आणि त्यात काहीही वाढवून सांगितलेलं नव्हतं.

संजीवनं आधी घराची मेन पाडली. तोंडाला ओलं फडकं बांधून तो न्हाणीघराच्या दारात उभा राहिला. टाकी निवायला लागली तेव्हा कुठे तो आत गेला आणि वर पाहिलं.

गिझरच्या खाली, गार पाण्याच्या नळीवर, अंगठ्याएवढा वाल्व असतो. टाकीतलं पाणी तापून फुगलं की त्याच्या बारक्या भोकातून थेंब थेंब बाहेर पडतं. लोकांना वाटतं गळतंय. ते गळणं नसतं, गिझरचा श्वास असतो. त्या भोकात कापडाची गुंडी कोंबलेली होती. वरून वाल्वला सुताचे वेढे. एकावर एक, घट्ट, नेटके, जसे मागाच्या कांडीवर बसतात तसे. सूत भिजून आणखी आवळलं होतं. शेवटी एक बारीक गाठ.

संजीव बादलीवर बसला. कारखान्यात एका वर्षी कोणीतरी कटकट नको म्हणून असाच वाल्व तारेनं बांधला होता. त्या दिवशी संजीवची पाळी बदलून दुसऱ्याला दिली होती. तो दुसरा त्याच्या डब्यातलं लोणचं खायचा. नंतर तिथे भिंतही नव्हती आणि तोही नव्हता. संजीवनं हे घरी कधीच सांगितलं नव्हतं. आणि तेरवीला या न्हाणीघरात किती लोक न्हाले होते? कालच परत गेलेली त्याची पोरगीही न्हाली होती.

तो बाहेर आला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"वाल्व बांधला आहे. कोनं बांधला?"

भैयाजीनं विव्हळता विव्हळता हात हलवला. "मी नाई गा. आईची आन."

"मामा, तुम्ही दिवाळीतबी इथंच होते. तुमाले अशा कारागिऱ्या सुचतात."

"मी खोटं बोलतो रे, पन बांधत नाई काही!"

प्रीती पुढे झाली. पाणी उकळतंय हे आपल्याला माहीत होतं, हे सांगायला तिचे ओठ हलले. त्याआधी गुलाबचंद उठून न्हाणीघराच्या दारात गेले. त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एखादी ओळखीची व्यक्ती अचानक रस्त्यात भेटावी, तसं पाहिलं. त्यांच्या खांद्यावरून प्रीतीलाही ते वेढे आणि ती गाठ दिसली.

मग ते वळून म्हणाले, "मी बांधलं."

*

हर्षा स्टुलावर चढली तेव्हा तिच्या हातात कात्री होती. संजीव भैयाजीला डॉक्टरकडे न्यायला ऑटो बघायला गेला होता. बाबा खाली स्टूल धरून उभे होते.

तिनं गाठीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

मागावरचा तुटलेला धागा सांधायची ही गाठ. इतकी बारीक, की कापडात शोधून सापडू नये. या घरात ती हर्षाशिवाय दोघांनाच यायची. बाबांच्या गाठीची शेपटी उजवीकडे जायची. आई डावखुरी. तिच्या गाठीची डावीकडे. लहानपणी आईकडून गाठ शिकताना हर्षाचं सगळं उलटंच व्हायचं, म्हणून शेवटी ती बाबांकडून शिकली होती.

शेपटी डावीकडे होती.

"बाबा, हे तं आईनं..."

"कैची चालव."

तिनं खाली पाहिलं. स्टूल धरलेले ते हात थरथरत होते. काल-आजचे नाही, कितीतरी दिवसांचे. त्या बोटांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, गाठ कुठली मारतील?

"तुम्ही काहून आपल्या अंगावर घेतलं?"

"हळू बोल." त्यांनी दाराकडे पाहिलं. "तुही माय मागच्या पावसाळ्यापासून घसरत चालली होती वं. चुलीवर भांडं ठेवे अन् विसरून जाये. एक दिवस मलेच इचारलं, तुम्ही कोनाकडून आले जी? चहा घेता का? मी म्हटलं, घेतो. घेतला. तुमाले कोनालेच सांगितलं नाई. तुमी लोकं तिले डॉक्टराकडं न्याले आले असते. तिथं थे लाजली असती."

"अन् हे?"

"हे मी आताच पाहिलं. पन ओळखलं." ते थांबले. "त्या टपटपीनं तिले झोप नाई ये. मले उठवे. म्हने, कोनीतरी मागावर धोटा फेकून राहिलं हो, सारखा फेकून राहिलं, पन कापड काहून वाढत नाई? मंग एक दिवस तिची तक्रार बंद झाली. मले वाटलं, बरं वाटून राहिलं तिले."

हर्षानं गाठीवरून कात्री मागे घेतली.

"काल लोकं जेवून का म्हनत गेले, ऐकलं ना तू? रुख्माबाईचं काम लय नेटकं. तसंच राहू दे. तिच्या हातानं घर उडालं असतं, असं कोनी म्हनू नये. तुया दादानंबी नाई."

"पन बाबा, आता थे तुमाले इथं राहू देनार नाईत."

"माहीत आहे," गुलाबचंद म्हणाले. "काप."

*

संजीव रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. तो बापासमोर उकिडवा बसला आणि रडला.

"बाबा, मी तुमाले एकटं कसं ठेवू? सांगा ना. उद्या तुमी आनखी कशाले तरी सूत बांधान. गॅसच्या नळीले बांधान. मी तिथं बॉयलरपाशी उभा राहीन अन् मले इथलं दिसत राहीन."

भैयाजी पायाला पट्ट्या बांधून खाटेवर पडला होता. तो म्हणाला, "भाऊजी, त्याच्यासंग जाच तुम्ही. मी नाई राहात इथं." त्यानं नजर मात्र उचलली नाही.

प्रीती म्हणाली, "बाबांची खाट समोरच्या खोलीत टाकू. होईल." हे म्हणताना तिला भैयाजीचे पाय दिसत होते आणि आपण उपडी केलेली बादली.

संजीव हर्षाकडे वळला. "तू बोल हर्षे. तुही काय राय आहे? तू म्हनशील तं अजूनही..."

एक वाक्य पुरलं असतं. गाठीचा तुकडा तिच्या मुठीत होता. मूठ उघडायची आणि शेपटी कुठे जाते ते दाखवायचं. बाबा वाचले असते. आई मात्र पुन्हा एकदा गेली असती, आणि या वेळी चांगलं नाव घेऊन नाही.

गुलाबचंद तिच्याकडे पाहत होते. खांबाआड पाहिलं होतं तसंच. माह्यासाठी तू बोलजो वं.

"घेऊन जा त्याईले," हर्षा म्हणाली.

संजीवनं मान हलवली. मग कामाचा माणूस कामाला लागला. गिझर उतरवला. अंगणात आणून आडवा करताच त्यातून लाल गढूळ पाणी आणि पांढऱ्या क्षाराची ढेकळं भसाभसा बाहेर पडली, इतकी की एवढ्या दगडांत पाणी राहत तरी कुठे होतं असा प्रश्न पडावा. टाकीच्या तळाला बोट जाईल असं भोक पडत आलं होतं. दिवाळीपासून गिझर सगळ्या मार्गांनी सांगत होता.

"नवा केवढा आणायचा?" प्रीतीनं सवयीनं विचारलं.

संजीवनं भिंतीकडे पाहिलं. गिझरच्या जागी कोरडा, स्वच्छ चौकोन उरला होता.

"कोनासाठी?" तो म्हणाला.

त्यानं हर्षाच्या हाताकडे बोट केलं. "अन् थे सूत फेक. पाहाचं नाई मले आता थे."

हर्षाची मूठ उघडेना. गुलाबचंदांनी तिच्या बोटांतून तो तुकडा काढून घेतला. ज्याचं काम, त्यानंच फेकायला हवं होतं. ठेवून घेतला असता तर का ठेवला, हे सांगावं लागलं असतं. त्यांनी तो एकदा अंगठ्याखाली चाचपला आणि क्षाराच्या ढिगावर टाकला. लाल पाणी त्याला मोरीकडे घेऊन गेलं.

मेन पाडलेलीच होती. खिडक्या लागल्या. हर्षा कुलूप घेऊन दारात उभी राहिली. बोळाच्या तोंडाशी ऑटो फटफटत होता. संजीवनं पिशव्या नेल्या, मग भैयाजीला खांदा दिला. समोरच्या पायरीवर यमुताईंची मांजर निवांत बसली होती. आता कुठे पळायची तिला गरज नव्हती.

गुलाबचंद उंबऱ्याबाहेर उभे राहून स्वेटरची बटणं लावत होते. बटण काजाशी येई आणि निसटे. पुन्हा येई, पुन्हा निसटे. प्रीती पुढे झाली.

"द्या बाबा, मी लावते."

तिनं पहिलं बटण लावलं. त्यांचे हात तिच्या हातांजवळ थरथरत होते, थांबत नव्हते. तिनं दुसरं बटण लावलं. तिसऱ्यावर तिची बोटं थांबली. तिनं त्या हातांकडे पाहिलं. वेढे आठवले तिला, घट्ट, एकावर एक, आणि ती बारीक गाठ. तिनं मान वर केली. सासऱ्याकडे पाहिलं. मग हर्षाकडे.

हर्षानं पाठ फिरवून कुलूप लावलं.

"बाबा," प्रीती म्हणाली, "ते तुम्ही..."

"चाल पोरी," गुलाबचंद म्हणाले. "थंडी वाजून राहिली."